दादाने गाडीत बसवून दिलेली माणसं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या भावाचे. भंडाऱ्याकडच्या एका लहान स्टेशनावर तो पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारा, होता. वडील गेल्यावर त्याने स्वतःची शाळा सोडली आणि मला नागपूरला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणाला मी कृतघ्न वाटेन.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. लग्न नुकतंच झालं होतं. पगार आमच्या मानाने चांगला होता, पण महिना अर्धा व्हायच्या आत संपायचा. कारण दादा. गावात जो कोणी नोकरी शोधत असेल त्याला तो ओळखीच्या गार्डाकडे सोपवून गाडीत बसवून द्यायचा. "जाय, माहा भाऊ साहेब हाये तिथं."

मी साहेब नव्हतो. दिवसभर खनिजाच्या भुकटीचे नमुने तपासणारा माणूस. भरतीच्या कचेरीत मला कुत्रंही विचारत नव्हतं.

येताना गार्डाची ओळख होती, तिकीट लागत नसे. परतीला कोणाचीच नव्हती. म्हणून परतीचं तिकीट मी काढायचं. आमच्यात पाहुण्याला "कधी निघता?" असं विचारत नाहीत. मी मुकाट्याने दुर्गला जाऊन तिकीट आणायचो आणि पाहुण्याच्या हातात द्यायचो. तर तो म्हणायचा, "साहेब, घाई कावून करून राहिले? बुधवारी मोठे साहेब येनार म्हनते." तिकीट वाया जायचं आणि लाखोळीच्या डाळीचं आणखी एक पातेलं चुलीवर चढायचं. ती डाळ मात्र त्यांनीच आणलेली असायची, त्यामुळे रिकाम्या हाताने आला असंही म्हणता येत नसे.

"टेसनावर बसाले फलाटाचं तिकीट तरी लागते," बायको म्हणाली. "आपल्या इथं तेही नाही लागत."

मग खरा घात झाला. एकाला नोकरी लागली. मी काहीही केलं नव्हतं. तो आपला रोज रांगेत उभा राहिला होता. पण त्याने गावात जाऊन माझ्या नावाने पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात पाच जण आले.

याच सुमारास धाकटी बहीण सातवी पास झाली. गावात पुढची शाळा नव्हती. तिला भिलाईला आणून मॅट्रिक करायचं, हे मी आणि बायकोने ठरवलं होतं. फी आणि कपड्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे दोनदा तिकिटांत गेले होते, तरी तिसऱ्यांदा जमवले. मे महिन्यात दादा स्वतः आला. बाहेरच्या खोलीत तिघे झोपलेले, आतल्या खोलीत दोघे पत्ते खेळत असलेले. बायको स्वयंपाकघरात ट्रंकेवर बसलेली. दादाने सगळं पाहिलं आणि मला अंगणात नेलं.

"इतले माणसं घरात. इथं पोरीले कशी ठेवू म्या?"

"दादा, हे तुम्हीच पाठवले ना!"

"म्या पाठवले, पन ठेवून तं तूच घेतले." मग म्हणाला, "एक जागा सांगून आली हाये. पोरगा बरा हाये. पावसाच्या आधी लगन उरकून टाकतो."

ज्याने मला शिकवलं त्याच्यासमोर आवाज चढवायची सवय नव्हती. तो दुपारच्या गाडीने परत गेला, अर्थात ओळखीच्या गार्डाबरोबर. ड्यूटीवरून आल्यावर मी पत्र लिहिलं:

"ती. दादांस साष्टांग नमस्कार. तुम्ही शिकवलं म्हणून मी इथे आहे. ते ऋण मी बहिणीला शिकवून फेडीन, गावाला जेवू घालून नाही. लग्नाचं नाही म्हणून कळवा. यापुढे कोणालाही गाडीत बसवू नका; आला तर दारातूनच परत जाईल, आणि तिकीट त्याचं त्याने काढायचं. राग आला तर माझ्यावर काढा, तिच्यावर नको. शाळा उघडायच्या आधी तिला पाठवा. आत जे दोघे पत्ते खेळत होते त्यांना आज मी विचारलं, कधी निघता म्हणून. उद्या निघतात."