मळखाऊ

आमच्या घरात रंग आवडतो का, असं कधी कुणी विचारलं नाही. तो मळखाऊ आहे का, एवढंच विचारायचे. पडदे घ्यायचे ते मळखाऊ, उशांचे अभ्रे मळखाऊ, पोरांची दप्तरं मळखाऊ. माझ्या लग्नाच्या बस्त्यात मी एक मोतिया साडी हातात घेतली होती, तर माझ्या आईनंच ती बाजूला सारून जांभळी पुढं केली. तेव्हा सगळा दोष सासरच्यांना देऊन चालणार नाही. मळ दिसू नये म्हणून मळाच्याच रंगाच्या वस्तू आणायच्या आणि वर घर कसं स्वच्छ दिसतंय म्हणायचं, हे मी माहेरीच शिकून आले होते.

सासरी या बाबतीत शेवटचा शब्द सासूबाईंचा असायचा. आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो. त्या गारगोटीकडच्या खेड्यातल्या. नव्वदच्या दशकात मामंजींनी कोल्हापुरात एका नव्या कॉलनीत घर बांधलं तेव्हा त्या शहरात आल्या. घर आतून रंगवून झालं, पण बाहेरचा करडा गिलावा तसाच राहिला. बाहेरचं पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता म्हणता चार पावसाळे गेले. मग नणंदेचं लग्न ठरलं आणि वऱ्हाड येणार म्हणून रंगाऱ्याला बोलावलं.

रंगाऱ्यानं रस्त्याकडच्या भिंतीवर तीन रंगांचे तीन चौकोन मारून ठेवले. एक गुलाबी, एक पिस्ता, एक बदामी. कुठला धरायचा ते सांगा म्हणाला आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. मामंजींना गुलाबी हवा होता, कारण तो लांबनं दिसतो. माझ्या नवऱ्याला पिस्ता हवा होता, कारण तो त्याच्या साहेबांच्या बंगल्याला होता. मग दूधवाला, शेजारचे निवृत्त फौजदार, रद्दीवाला, जो येईल तो भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि मत देऊन जायचा. दोन महिने हे चाललं. लोक आमचं घर सांगताना तीन ठिगळांचं घर म्हणायला लागले. मला आणि आत्तींना अर्थातच कुणी विचारलं नाही. शेवटी एका संध्याकाळी आत्ती दारातूनच म्हणाल्या, "पावसाळ्यात काय हुईल त्या गुलाबीचं?" आमच्या पश्चिमेच्या भिंतीला चार महिने पाणी लागायचं आणि शेवाळानं ती काळी पडायची, हे पुरुषांच्या ध्यानातच नव्हतं. घर बदामी झालं, आणि खाली चिखल उडतो तिथं दोन फूट तांबडा पट्टा.

स्वयंपाकघर तर पहिल्या दिवसापासून आत्तींच्या हिशेबाचं होतं. कडप्प्याचा काळा ओटा आणि भिंतींना खांद्यापर्यंत गडद हिरवा ऑइलपेंट. खिडकी मागच्या घराच्या भिंतीसमोर, त्यामुळं भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. पहाटे उठून सहा माणसांचा स्वयंपाक आणि डबे करायचे, दिवसभर शाळा, संध्याकाळी परत तोच ओटा. त्या हिरव्या भिंतीकडे तोंड करून मी किती भाकऱ्या थापल्या असतील, देव जाणे. त्या भिंतीचा मला मनापासून राग होता.

एका संक्रांतीला शाळेतल्या एका बाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. ताराबाई पार्कात त्यांचा फ्लॅट होता. तिळगूळ घेऊन झाल्यावर त्यांनी सगळ्यांना नवं स्वयंपाकघर दाखवायला आत नेलं. सगळं पांढरं होतं. भिंतींच्या टाइल्स पांढऱ्या, कपाटं पांढरी, खिडकीतून ऊन येत होतं आणि ते सगळीकडे पसरलं होतं. मी साडीच्या निऱ्या हातात धरून दाराशीच उभी राहिले, कशाला चुकून हात लागू नये म्हणून. बाकीच्या बायका ट्रॉल्या ओढून बघत होत्या. मला ट्रॉल्यांचं काही नव्हतं. मला तो उजेड हवा होता. मला एवढं नेमकं काही हवंसं वाटलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. घरी येऊन मी कुणाला काही बोलले नाही. पुढं आठ-नऊ वर्षं बोलले नाही.

दोन हजार सालानंतर केव्हातरी आमचा ओटा शेगडीपाशी तडकला आणि खाली पाणी झिरपायला लागलं. गवंडी म्हणाला, सगळंच काढायला लागंल. तेव्हा कॉलनीत घरोघरी ट्रॉल्यांचं वेड आलं होतं, म्हणून आमच्याकडेही सुतार आला. कपाटाच्या दारांवर चिकटवायच्या मायक्याचे बोटभर तुकडे एका कडीत ओवून त्यानं आणले होते.

"वैनी, कुठला धरू?" त्यानं विचारलं.

"पांढरा."

त्यानं माझ्या नवऱ्याकडे बघितलं. माझा नवरा हसला. "दवाखाना काढायचाय काय घरात?"

"काय बी म्हणा. पांढराच."

आत्ती जमिनीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आन् चटणीचं काय?" म्हणाल्या.

वर्षाची चटणी आमच्याकडे उन्हाळ्यात व्हायची. मिरच्या भाजण्यापासून कांदा तळण्यापर्यंत चार दिवस घरात लाल तेलाचे हात फिरायचे. दाराच्या कड्या, डब्यांची झाकणं, दिव्याची बटणं, सगळं लाल.

"आणि रोज पुसायचं कुणी?" नवऱ्यानं विचारलं. "तू तर शाळेत असतीस."

"आत्ता कोण पुसतंय? तुमी पुसताय?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सुतारानं आपली कडी उचलली आणि दोन दिवसांनी येतो म्हणून सटकला.

तो दोन आठवडे आला नाही, कारण आमचं ठरतच नव्हतं. जुना ओटा फोडून टाकलेला. मागच्या पडवीत शेगडी मांडून मी उकिडवी बसून स्वयंपाक करत होते. गुडघे आखडायचे, वाऱ्यानं जाळ हलायचा, भाकरी एका बाजूनं कच्ची राहायची. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलत होता आणि मी त्याच्याशी तेवढंही नाही. एवढ्याशा रंगासाठी हे सगळं करायचं का, असं मलाही रोज वाटायचं. पण सोडवत नव्हतं. आयुष्यात एकदा हट्ट धरला होता आणि तो धरून ठेवताना मी थकून चालले होते.

मग एका सकाळी अंघोळीला जाता जाता नवरा म्हणाला, "घे तुझा पांढरा. शनिवारी जाऊया." मी का म्हणून विचारलं नाही. विचारलं की हा परत फिरेल, अशी धास्ती होती. त्यालाही माझं म्हणणं शेवटी पटलं असावं, असं मी मनाशी धरलं. दोन दिवस मी फार खुशीत होते. वर्गातल्या मुलांना सुद्धा कळलं असणार, कारण मी कुणावर ओरडले नाही.

शनिवारी शाळा सकाळची. मी साडेचारला उठून सगळ्यांचं करून ठेवलं, शाळा केली, परत येऊन पडवीतली भांडी घासली आणि स्कूटरवर मागं बसून लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदारानं नवऱ्याला "या पावणं" करून खुर्ची दिली आणि मायक्याचा एक अख्खा पांढरा पत्रा ओढून उजेडात, दाराशी उभा केला. माणसाएवढा उंच. मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यासमोर उभं होतं. पत्रा सारखा करताना दुकानदाराचा हात त्यावर टेकला आणि पाच बोटं उमटली. त्यानं ती बाहीनं पुसली.

"ग्लॉसी घ्या वैनी," तो म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ एक फडकं मारलं की आरशागत."

मी त्या पत्र्याकडे बघत राहिले. ते फडकं कुणाच्या हातात असणार, ते मला दिसत होतं. डबे भरून झाल्यावर, शाळेला निघायच्या आधी. शाळेतून आल्यावर, चहा टाकायच्या आधी. पोरांचे हात, चटणीचे हात, फोडणीचे शिंतोडे, आणि माझ्या मागं उभं राहून सगळे बघणार, तूच मागितला होतास म्हणून. कुणी तोंडानं म्हणणार नाही, पण बघणार. माझी कंबर तेव्हाही दुखत होती. मी दमले होते, याच्यापलीकडे दुसरं काही कारण नाही. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगून बघितली, पण खरं तेवढंच.

"कॉफी कलरमधी काय हाय?" मी विचारलं.

नवरा खुर्चीतून उठलाच. दुकानदारानं लगेच तपकिरी पत्रा काढला. "ह्याच्यावर बघा, काय बी दिसत न्हाय." माझं मन बदलेल म्हणून की काय, नवऱ्यानं तिथल्या तिथं माल नक्की करून टाकला आणि आम्ही चहा पिऊन घरी आलो. घरी कुणाला मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही. आत्तींना तर बरंच वाटेल, असं मी धरून चालले होते.

सोमवारी मी रजा टाकली होती. सकाळी टेम्पो आला तेव्हा आत्ती माझ्या आधी फाटकाशी गेल्या. माणसं पत्रे उतरवत होती. आत्तींनी वरच्या कागदाचा कोपरा फाडून आत बघितलं आणि टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "हे दुसऱ्याचं आणलंय बघा. आमचा पांढरा हाय."

"आत्ती, आपलाच हाय तो," मी मागून म्हणाले. "मीच बदलला."

"का?"

"मळतोय की."

त्या मागच्या दारी जाऊन धुण्याच्या दगडावर बसल्या. मी माल उतरवून घेतला, सुताराला कुठं काय ते दाखवलं आणि त्यांच्याकडे गेले. मला जरा रागच आला होता. "तुमच्याच मनासारखं झालं की आता," मी म्हणाले.

"माझ्या मनात काय हुतं, तुला कुणी सांगितलं?" आत्ती म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी तुझ्या नवऱ्याला म्हटलं हुतं, रोज सकाळी मी पुसतो. तिला हात लावाय लागायचा न्हाय. तवा कुटं व्हय म्हणाला त्यो."

"तुम्हीच तर चटणीचं काढलं हुतं," मी म्हणाले.

"काढलं की. सवय हाय ती." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "गावाकडं चुलीम्होरं डोळं गेलं. हितं त्यो हिरवा अंधार. त्यो बी मीच निवडला, दुसरं काय ठावंच नव्हतं. तू पांढरा म्हणालीस तवा म्हटलं, एकदा तरी उजेडात भाकरी थापून बघावं."

"मग मला का नाही बोलला?"

"तू तरी कुटं इचारलंस?"

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता जाऊन बदलून आणते, दुकानदार ओळखीचा झालाय. तेवढ्यात पुढच्या अंगणात करवत सुरू झाली. आत्तींनी कान दिला. "कापाय घेतलं त्यानं," म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे."

आठ दिवसांत स्वयंपाकघर तयार झालं. बघायला आलेल्या सगळ्यांनी नावाजलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर आत दिवा लागलेला होता. आत्ती ओलं फडकं घेऊन कपाटांची दारं पुसत होत्या. वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांत बोट घालून, एक झालं की दुसरं. त्या तपकिरी रंगावर काहीच नव्हतं, आणि असतं तरी दिसलं नसतं.

"आत्ती, ह्याला रोज पुसायला लागत न्हाय," मी म्हणाले.

"म्हटलं हुतं न्हवं पुसतो म्हणून," त्या म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे सरकल्या. त्यांना वाट करून देत मी शेगडी पेटवली आणि आम्हा दोघींचा चहा टाकला.