पाहुणा थेट आत

ऐंशी साल उलटलं होतं. चिंचवडजवळच्या एका लहान कारखान्यात मी शिकाऊ होतो. सहा महिन्यांनी मला ठेवायचं की नाही, ते ठरणार होतं. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. मी कायम झालो, असं वडिलांनी गल्लीत आधीच सांगून टाकलं होतं. त्यामुळे मला धड बसवत नसे.

साहेबांनी लिहिलेला मुख्य प्रोग्रॅम एकाच प्रोसेसरवर दोन यंत्रांचे प्रोग्रॅम आळीपाळीने चालवायचा. प्रत्येकाला वाटायचं, प्रोसेसर आपल्या एकट्याचाच. त्यांना आम्ही पाहुणे म्हणायचो. पाहुणे साहेबांच्या जोडीच्या मॅडमनी लिहिले होते. भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून त्यांना मेमरीत आणणारा छोटा तुकडा माझा.

आमच्या टेबलावर सगळं चालायचं. यंत्रांच्या शेडमध्ये नेलं की पाहुणा मध्येच गप्प व्हायचा. साहेब मॅडमकडे बघायचे, मॅडम साहेबांकडे. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं आणि मला ते बरं वाटायचं.

एका सकाळी शेडमध्येच मॅडम म्हणाल्या, "साहेब, फीत राहू द्या. पाहुणा थेट एम्युलेटरमध्ये भरू."

एम्युलेटर म्हणजे प्रोसेसरच्या जागी जोडायची पेटी. ती प्रोसेसरचं सोंग घ्यायची आणि हवं तिथे थांबवून आत बघू द्यायची.

"भरा. गप्प झाला तर आपल्या दोघांपैकी एकाचं नाक कापलं जाणार."

"आणि चालला तर?"

"तर पेढे तुमच्याकडून," साहेब हसले.

चालला. जेवणाचा भोंगा झाला तरी चालत होता. मी डबा उघडलाच नाही. दोघं सुटले, म्हणजे उरलो मी. शेडच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. शेवटी यंत्रावरच्या मामांना विचारलं, "मामा, फीत वाचून झाली की तुम्ही काय करता?"

"काय म्हंजे? लोंबती ठिवली तर तेल लागतंय. लगीच हातानं वढून गुंडाळतो. तुमी कालेजातली पोरं ठिवता तशीच!"

खरंच, टेबलावर आम्ही ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवायचो. पाहुणा आत आल्यावर फीत वाचणं बंद करायचं, हे मी माझ्या तुकड्यात लिहायलाच विसरलो होतो. मामा फीत ओढायचे, तिचं वाचकात राहिलेलं टोक सरकायचं, त्यावरची भोकंही वाचली जायची आणि मेमरीत भलत्याच जागी जाऊन बसायची.

साहेब जेवून परतताच मी म्हणालो, "चूक माझी आहे, साहेब." पुढचं वाक्य अडखळलं, पण सांगितलं.

साहेब म्हणाले, "दुरुस्त करा."

दुरुस्त केलं. मामांनी मुद्दाम जोरात फीत ओढली. पाहुणा शिफ्ट सुटेपर्यंत चालला. साहेबांनी नोकरीचा विषय काढला नाही, मलाही विचारवलं नाही.

घरी वडील वाट बघत होते. "कायमचं झालं का रं?"

"मोठी चूक झाली होती. माझीच होती, म्हणून साहेबांना सांगितलं."

"ते न्हाई इचारलं मी," वडील म्हणाले.