वर्षावासातलं वाचन आणि झोपाळू लॅपटॉप

वर्षावासाचे, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे, तीन महिने येरवड्यातल्या आमच्या बुद्धविहारात दर रविवारी संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. गेली अकरा वर्षं ते मी करते, आणि चांगलं करते. विनय मला फारसा जमत नाही, तेव्हा सांगूनच टाकते: लोक माझ्यासाठी येतात. मी वाचते थोडं आणि सांगते फार. एक परिच्छेद झाला की चष्मा कपाळावर चढतो आणि मी अर्थ सांगायला लागते.

पण डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. छापील ओळ भिंगाखालीही मुंग्यांची रांग दिसू लागली. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने मग तिचा जुना लॅपटॉप मला दिला, ग्रंथाची पानं त्यात घातली आणि अक्षरं सुपारीएवढी करून दिली. तिच्याही काही फायली त्यात होत्या, म्हणून पासवर्ड मात्र लांबलचक ठेवला. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, मध्येच एखादं चिन्ह.

पहिल्याच रविवारी मी तृष्णेचा अर्थ रंगवून सांगत होते आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला. बटण दाबलं तर पासवर्ड मागू लागला. आता माझी एक खोड आहे. मी आयुष्यभर सरकारी कचेरीत टंकलेखक होते. तिथे टाइप केलेलं मोठ्याने वाचून मूळ कागदाशी ताडून बघायची पद्धत. ती जिभेला इतकी बसली आहे की बोटं हलली की ओठ हलतात. माइक समोर होता आणि चालू होता. "कॅपिटल के, स्मॉल ए, ॲट..." असा अख्खा पासवर्ड मी भोंग्यावरून गल्लीला वाचून दाखवला. पहिल्यांदा चुकला, म्हणून पुन्हा एकदा, सावकाश.

लोक हसले ते हसले, पडदा त्यानंतर आणखी दोनदा मिटला. वाचन कसंबसं उरकल्यावर विहाराचे सचिव जवळ आले. भला माणूस, पण गोड बोलून गळा कापण्यात तरबेज.

"ताई, आपण खूप केलंत. आता विश्रांती घ्या. दुसरं कोणी वाचेल."

"मला काय झालंय?"

"काही नाही हो. पुढचा रविवार बघू. जमलं तर ठीक."

घरी येऊन मी रडले. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. याच विहारात पहिल्या रांगेत बसून ती दुसऱ्यांचं वाचन ऐकायची आणि घरी आली की मला दामटून अभ्यासाला बसवायची. आमच्या घरात वाचणारी मी पहिली. डोळ्यांनी अर्धं वाचन नेलं होतं, उरलेलं एक यंत्र नेणार हे मला मान्य नव्हतं. त्यात मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तू पासवर्ड लाउडस्पीकरवर अनाउन्स केलास?" मी फोन ठेवून दिला.

सोमवारी लॅपटॉप पिशवीत घालून बुधवार पेठेतलं एक दुकान गाठलं. दुकानदाराने मान वर न करताच निदान केलं.

"बिघडलेला नाही. झोपतो."

"मग?"

"झोपू द्यायचं नाही. सेटिंगमध्ये सगळं लिहिलंय. वाचता येतं ना?"

"तेवढंच येतं," मी म्हणाले आणि पिशवी उचलली.

मंगळवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर विहार मांडला. स्क्रीन किती वेळाने बंद करायची ते सापडलं, वेळ वाढवली आणि खुशीत चहा केला. मग आठवलं, विहारातलं एकुलतं एक सॉकेट पंख्याच्या बटणाजवळ आहे आणि मी बसते दुसऱ्या टोकाला. वायर काढली, रिकाम्या खुर्च्यांना दुःखाचं कारण समजावू लागले, आणि तिसऱ्या मिनिटाला अंधार. वायर असतानाचा नियम वेगळा आणि बॅटरीवरचा वेगळा! बॅटरीवरही अर्धा तास केला, झोपेलाही तेवढाच वेळ दिला.

पुन्हा तालीम. विहारात भंतेजी आले की उठतो, तसं मध्येच उठून वंदन केलं आणि झाकण मिटलं, कारण ग्रंथ उघडा टाकून उठायचं नाही हे अंगवळणी पडलेलं. उघडते तो स्वारी झोपलेली, पुन्हा पासवर्ड. हे कुठे बदलायचं ते शोधण्यात तास गेला. झाकण मिटल्यावर काहीही करू नकोस, असं सांगायची सोय सापडली तेव्हा मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

पासवर्डचं कुलूपच काढून टाकावं म्हटलं, तर मुलगी ऐकेना. "चोरीला गेला तर?" तिचं बरोबर होतं. शेवटी तह झाला. कुलूप राहील, पण नवा छोटा पिन, आणि तो दाबताना मी तोंडात बडीशेप धरायची.

रविवारी हॉल भरला होता. निम्मे वाचन ऐकायला आले होते, निम्मे माझी फजिती बघायला. सचिव छापील ग्रंथ मांडीवर घेऊन, पानात खूण घालून तयारच होते. मी वाचलं, थांबले, चांगली दहा मिनिटं बोलले. पडदा उजळलेलाच. एवढ्यात दारात भंतेजी आले. सगळे वंदनाला उठले, मीही उठले आणि सवयीने झाकण मिटलं. सचिवांनी ग्रंथ उघडलेला मला दिसला.

वंदन झालं, लोक बसले. मी झाकण उघडलं. तेच पान, तीच ओळ, जिथे सोडली होती तिथे. मला इतका आनंद झाला की पुढचं वाक्य मी जवळजवळ ओरडलेच आणि माइक किंचाळला. त्या दिवशी मी प्रकरण संपवूनच उठले.

नंतर सचिवांनी ग्रंथ कपाटात ठेवला आणि कार्यक्रमांची वही काढली.

"ताई, मग आश्विन पौर्णिमेपर्यंतचे सगळे रविवार आपल्याच नावावर लिहितो."

"लिहा," मी म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीचेही आत्ताच लिहून टाका."

त्यांचं लिहून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.