दुसरी नजर

काका कधी बोट दाखवायचे नाहीत. पक्षी दिसला की शेजारच्या माणसाचे दोन्ही खांदे धरायचे, कपाट सरकवावं तसं त्याला हळूच वळवायचे आणि म्हणायचे, "बघ आता. दिसला तरच बोल."

माझे खांदे त्यांनी सहा वर्षं असे वळवले.

आमचा पक्षी बघणाऱ्यांचा क्लब आहे. क्लब म्हणजे फार काही मनात आणू नका. वाशी-घणसोलीकडचे दहा-बारा जण, तिवईवरची एक मोठी दुर्बीण, थर्मासमधला चहा आणि एक लांबडी वही. दर रविवारी सकाळी साडेसहाला खाडीच्या जुन्या बांधावर जमायचं आणि दिसेल ते मोजायचं. वही माझ्याकडे असते. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं, म्हणजे ते काम दुसऱ्या कुणाला नको होतं.

काका इथल्याच तळवली गावचे. घरची शेती आणि खाडीतली मासेमारी. जमीन नव्या शहरात गेली तेव्हा ते जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथे बोल्ट तपासत राहिले. आमची पहिली भेट झाली तेव्हा ते बांधावरून फिरायला चालले होते. आम्ही सगळे चिखलाकडे टक लावून उभे. ते थांबले.

"काय पडलंय काय तुमचं?"

"नाही हो काका, पक्षी बघतोय."

"इतकी मानसं? पक्षी बघायला?" ते खूप हसले. पुढच्या रविवारी आमच्याआधी येऊन बसले होते.

पक्ष्यांची पुस्तकातली नावं आम्ही त्यांना शिकवली, बाकीचं सगळं त्यांनी आम्हाला. आम्ही दुर्बिणी सरसावून घाई करायचो, ते चहाचं झाकण उघडून बसायचे. "आता नको. पानी चढू दे. चिखल बुडाला का सगले आपल्याच पुढ्यात येतील." तासाभरात भरतीचं पाणी चढायचं आणि खरंच सगळे पुढ्यात यायचे. दिवाळी झाली की थापट्या बदकं यायची, चपटी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरणारी. मागोमाग तलवार बदकं. थंडी सरता सरता फ्लेमिंगो इतके, की मोजणारे आपसात भांडायचे. मे संपला की खाडी ओस पडायची आणि आमच्यातले निम्मे गळायचे. काका मात्र म्हणायचे, "पाव्हने गेले. आता घरचे मोजा." मग भर पावसात छत्री धरून आम्ही बगळे, खंड्या आणि पाणकावळे मोजायचो.

क्लबला एकच कडक नियम होता आणि तो त्यांनी कारखान्यातून आणला होता. तिथे एकाने तपासलेला माल दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय पास होत नसे. "एका डोल्यावर माल जात नाय," ते म्हणायचे. म्हणून आमच्या वहीतही एकाने सांगितलेला पक्षी दुसऱ्याने "दिसला" म्हटल्याशिवाय चढायचा नाही.

आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. एका सकाळी ते उशिरा आले ते धापा टाकतच. वाटेत त्यांना मासा पकडणारा मोठा शिकारी पक्षी दिसला होता, आमच्या वहीत तोवर कधीच न चढलेला. बरोबर कोणी नव्हतं. काकांनी वहीवर हात ठेवला.

"डॉक्टर, पेशंट बोलला दात किडलाय, तर तुमी लगेच उपटता?"

"अहो, एक्स-रे काढतो आधी."

"मग?"

डॉक्टर दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी सगळ्यांसाठी बटाटेवडे घेऊन आले. पक्षी काही वहीत चढला नाही.

आमची जोडी ठरून गेली होती. ते सांगायचे, मी दुजोरा द्यायची, मीच लिहायची. मला ते 'बाय' म्हणायचे, त्यांच्याकडे लेकीसुनांना म्हणतात तसं. माझी स्वतःची मोठी माणसं परभणीकडे गावाला. इथे मला अशी हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग त्यांची बायको गेली. तिचं कार्य आटोपल्यावर पहिल्याच रविवारी ते बांधावर होते. त्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "घरात सगली हायेत. पन रविवार तेवढा माझा हाय." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतरच्या थंडीत एकदा त्यांनी मला वळवलं. "उघाडीच्या उजव्या अंगाला. शेकाटे. दोन." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, शेकाटे म्हणजे काडीसारख्या लांब पायांचे पक्षी. मी दुर्बीण लावली. तिथे चिखलात रोवलेल्या दोन काठ्या होत्या.

मी म्हणाले, "दिसले."

का म्हणाले? माणसाची बायको जाऊन तीन-चार महिने झालेले, आणि मी त्याच्याशी काठ्यांवरून वाद घालू? असं मी स्वतःला सांगितलं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हेच केलं असतंत, असंही मला बरेच दिवस वाटायचं. आता त्याबद्दल काहीच वाटत नाही.

खोटं एकदा बोलावं लागतं, पुढचं आपोआप होतं. रिकाम्या चिखलात त्यांना तुतारी नावाचा पक्षी दिसायचा, मलाही दिसायचा. तरंगत्या बाटल्यांची थापट्या बदकं व्हायची, मी आकडा लिहायची. कधी त्यांचं बरोबरही असायचं, मग मला हायसं वाटायचं. त्यांनी थर्मासच्या झाकणाऐवजी गुडघ्यावर चहा ओतला तेव्हा मी रुमाल दिला आणि वाऱ्याला नावं ठेवली. अशा दोन थंड्या गेल्या.

दुसऱ्या थंडीच्या शेवटी, एका रविवारी आम्ही दोघंच टोकाला उभे होतो. त्यांनी माझे खांदे धरले, वळवलं.

"दुसऱ्या टावरच्या खाली. चित्रबलाक. तीन."

विजेच्या टॉवरखाली नुसतं पाणी होतं. मी दुर्बीण खाली घेतली. "दिसले. तीन." वही उघडून लिहिलंही.

माझं लिहून होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "बाय, मी डोले मिटून बोललो."

मी वही मिटली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मागच्या थंडीपासून."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते शांतपणे, मालात खोट कुठे आहे ते दाखवावं तसं बोलले, "मना संशय यायचा. घरी सून बोलायची, बाबा, डोले दाखवून या. मी बोलायचो, रविवारी मी बोलतो ते बायला पन दिसतं. मंग डोले बरोबरच हायेत ना?"

दुसऱ्या दिवशी सून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी टिकली तर टिकली, असं तिथे सांगितलं. सुनेने मला फोनवर कळवलं आणि पुढे सहज म्हणाली, "डॉक्टर बोलले, वर्षभर आधी आले असते तर बरीचशी वाचली असती." तिला काही माहीत नव्हतं. ठीक आहे, म्हणून मी फोन ठेवला, कुकर लावला, तीन शिट्ट्या मोजल्या आणि गॅस बंद केला. त्या दिवसापासून माझ्या आत असंच आहे. सगळं वेळच्या वेळी होतं.

पुढच्या रविवारी ते सुनेचा हात धरून बांधावर आले. बसले, आणि मला वही काढायला लावली. मागच्या थंडीपासूनची आमच्या जोडीची एकेक नोंद मी वाचायची आणि ते म्हणायचे, "खोड."

"काका, ही खरी होती. हे पक्षी मी नक्की पाहिले होते."

"तुझं नक्की मी कसं धरू? खोड."

मी खोडत गेले. दोन थंड्यांचे पक्षी असे गेले, खरेही आणि खोटेही. बाकीचे एव्हाना भोवती जमले होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं काका?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, "माझे डोले गेलेत डॉक्टर. मी चुकीचं सांगत गेलो. ही बिचारी माझ्या भरवशावर लिवत गेली. हिची काय चूक नाय."

कधीही खोटा माल पास न केलेला माणूस. त्यांनी तो माझ्यासाठी पास केला, सगळ्यांसमोर, आणि मी होऊ दिला. वहीत शेरा लिहायला त्यांनीच सांगितलं. मी लिहिलं: निरीक्षकाची दृष्टी अधू, नोंदी रद्द.

सगळे म्हणाले, होतं असं काका, वय आहे. कोणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते हसले.

त्यानंतर ते आले नाहीत. मी फोन केला की म्हणायचे, "येतो गं, जरा ऊन कमी होऊ दे." मी दोनदा तळवलीला गेले. चहा झाला, सुनेशी गप्पा झाल्या. त्यांनी विचारलं, फ्लेमिंगो गेले का. मी म्हटलं, गेले. ते लगेच म्हणाले, "बरं." मी सांगितलेलं खरं आहे की नाही ते त्यांना पडताळता येणार नव्हतं, आणि त्यांनी पडताळलं नाही. माफी मागायला मी गेले होते. दोन्ही वेळा सोसायटीतल्या पाण्याच्या टंचाईबद्दल बोलून परत आले.

श्रावणात ते गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते तसेच. क्लबने शोकसभा ठेवली, वाशीला डॉक्टरांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. फोटोला हार होता. सून पहिल्या रांगेत बसली होती. एकेकजण बोलला. डॉक्टरांनी आपल्या पक्ष्याचा किस्सा सांगितला, सगळे हसले. मग ते म्हणाले, "आणि शेवटी स्वतःची चूक चारचौघांत कबूल करून सगळ्या नोंदी खोडायला लावल्या. याला म्हणतात माणूस."

मी उठले. माईक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. काठ्या सांगितल्या, बाटल्या सांगितल्या, टॉवरखालचं पाणी सांगितलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी दिसलं म्हणत गेले म्हणून ते डोळे दाखवायला गेले नाहीत, हेही सुनेकडे बघून सांगितलं. माझा आवाज नीट होता. कुठेही अडला नाही.

मग डॉक्टर पुढे आले, माझ्या हातातला माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "ताई, मन मोठं आहे तुमचं. पण गेलेल्या माणसाची चूक अशी आपल्या अंगावर घ्यायची नसते. त्यांना ते आवडलं नसतं."

लोकांनी माना डोलावल्या. सून उठून माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा बोललेले मला," ती म्हणाली. "ही बाय असंच काहीतरी बोलंल, तू ऐकू नको."

मग चहा आला. मी घेतला. वही माझ्या पिशवीत होती. तिच्यातला शेरा माझ्याच अक्षरात आहे आणि तो तसाच आहे.