सुनंदाबाई काही पडेनात

“सर, आता पडू का?” सुनंदाबाईंनी माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं.

मी घामाघूम. माझं उजवं मनगट त्यांच्या मुठीत. ओझरकडच्या एका कारखान्याचं कॅन्टीन, आणि तिथले सगळे सिक्युरिटी गार्ड बाकांवर बसून आमच्याकडे बघतायत. मी आयकिडोचा शिक्षक. या बाईंना खाली आणायचा माझा प्रयत्न चालू होता आणि त्या देवीच्या मूर्तीसारख्या उभ्या होत्या.

आयकिडो म्हणजे समोरच्याचा जोर त्याच्याच अंगावर उलटवायची जपानी विद्या. तो ढकलतो, आपण वळतो, त्याचा तोल जातो. सरावाला दोघं लागतात. एक पाडणारा, एक पडणारा. या पडणाऱ्याला आम्ही ‘उके’ म्हणतो. उकेने अडून राहायचं नाही, वेळेत पडायचं, असा रिवाज आहे. नाहीतर मनगट मुरगळतं. माझे विद्यार्थी या बाबतीत फारच गुणी. मी केस सारखे करायला हात वर नेला तरी एखादा आडवा व्हायचा. वर्षानुवर्षं हे बघून माझी प्रामाणिक समजूत झाली होती, की पाडतो मीच.

आता कारखान्यात कशाला गेलो ते सांगतो. नाशिक रोडला कॉलनीच्या हॉलमध्ये माझा क्लास चालतो. पण आयकिडोत स्पर्धा नाहीत, म्हणजे मेडल नाही, म्हणजे पालक नाहीत. पोरं एकेक करत कराटेला गेली. गार्डना ट्रेनिंग द्यायचं हे काम मिळालं नाही, तर हॉल सोडून मला मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसावं लागणार होतं. त्याने माझ्यासाठी खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती.

त्यामुळे मी पूर्ण तयारीनिशी गेलो. गाद्या नेल्या. काळा घेरदार पोशाख चढवला. (“हे परकर घालून मारामारी करणार?” मागच्या बाकावरून आवाज आला. मी ऐकलं नाही.) सोबत प्रशांत, माझा सगळ्यात जुना विद्यार्थी. त्याला मी डावीकडे फेकला, उजवीकडे फेकला, शेवटी फक्त बोटाने फेकला. टाळ्या पडल्या.

सिक्युरिटी ऑफिसर जाधव साहेब मात्र टाळी वाजवत नव्हते. फौजेतून रिटायर झालेला माणूस.

“मास्तर, हा तुमचा माणूस. आमच्यातलं कोणीतरी घ्या.”

मी नजर फिरवली. पैलवानी बांध्याचे गडी मी सफाईने टाळले आणि सगळ्यात ठेंगण्या, पन्नाशीच्या सुनंदाबाईंना पुढे बोलावलं. माझी हुशारी ती एवढीच.

“बाई, माझं मनगट धरा.”

“घट्ट धरू?”

“अगदी घट्ट.”

“मग तुमचं तुम्ही बघा हं, सर.”

देवळ्याचं माहेर, लहानपण कांद्याच्या शेतात गेलेलं, आणि आता जत्रेत दोन वांड नातवांना एकटीने सांभाळणारी मूठ. मी वळलो, त्याही वळल्या. मी वाकलो, त्याही वाकल्या. त्यांना उकेचा रिवाज कोणी सांगितलाच नव्हता. माझी दया येऊन शेवटी त्यांनी विचारलं, पडू का?

“नको!” मी म्हणालो. अब्रूचा प्रश्न होता.

मग मी त्यांना जोरात गोल फिरवलं. इथे घात झाला. बाईंनी पाय जुळवले, अंग मागे टाकलं आणि माझा दुसरा हातही पकडला.

“अगं बया, फुगडी!” त्यांची मैत्रीण ओरडली.

सगळ्या कॅन्टीनने ठेक्यात टाळ्या धरल्या. आम्ही गरगर फिरतोय, बाई खूश, प्रशांत तोंडावर रुमाल धरून उभा. तेवढ्यात माझा पाय माझ्याच घेरात अडकला, घामाने हात सुटले आणि मी गादीबाहेर, थेट फरशीवर, उलटा गेलो.

पुढचं शरीराने केलं. हनुवटी आत, पाठ गोल, एक कोलांटी, आणि मी ताटांच्या रॅकसमोर उभा. एक ताट खाली पडून बराच वेळ वाजत राहिलं.

“सर, लागलं?” सुनंदाबाई धावत आल्या.

“नाही.”

“खोटं नका बोलू.”

“नाही हो, खरंच.”

जाधव साहेब उठले. माझं कोपर दाबून पाहिलं, डोकं चाचपलं.

“परत करा.”

“फुगडी?”

“पडणं!”

मी परत पडलो. तिसऱ्यांदाही. मग साहेब म्हणाले, “मास्तर, माझ्या गार्डवर हात कोणी टाकत नाही. पण हे लोक सारखे पडतात. ओल्या रॅम्पवर, जिन्यावर, ट्रक चेक करताना. गेल्या पावसाळ्यात एकाने खांदा निखळवून घेतला. हे शिकवाल?”

हा तर आमचा पहिला धडा. पुढचे डाव दाखवायच्या घाईत मी तो उरकून टाकायचो.

“शिकवीन की.”

“आणि कोणी चाकू घेऊन आला तर?”

“पळायचं.”

साहेब पहिल्यांदा हसले. “सोमवारपासून या.”

हॉल टिकला. मेहुणा अजून थोडा नाराज आहे. सुनंदाबाई आधी “माझं काय पडायचं वय राहिलंय का” म्हणाल्या, आणि मग बॅचमध्ये पहिल्या आल्या. परवा त्यांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

“सर, पडले! नाशिक रोडला, स्कूटीवरून! काय मस्त पडले! वांगी पार रस्त्यावर, गाडीचा आरसा गेला, मला ओरखडा नाही. लोकं उचलायला आली तर मी आपली उभी!”

लोक मला हमखास विचारतात, आयकिडो खऱ्या मारामारीत चालतं का हो? माझ्यावर अजून कोणी हात उचललेला नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही. पण ओली फरशी, रॅम्प आणि रस्त्यातले खड्डे रोज हल्ला करतात, आणि त्यांच्याशी झालेल्या सामन्यांत आमची बाजू सध्या पुढे आहे.