खुर्ची धरून मरणारा

मी आजवर विहिरीत पडून मेलोय, सुनेच्या हातचा चहा पिऊन मेलोय, एकदा तर लॉटरी लागल्याच्या आनंदानं मेलोय. रेल्वेच्या बुकिंग ऑफिसातून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, मी अहिराणी पिक्चरमध्ये गेलो. पिक्चर म्हणजे फोनवर बघायचे, अर्ध्या-पाऊण तासाचे. चार पोरं, एक कॅमेरा आणि कुणाचं तरी शेत. त्यांना एक म्हातारा लागतो आणि म्हाताऱ्याला बहुतेक वेळा मरावं लागतं. मला ते बरं जमतं. फुशारकी मारत नाही, शिकवणारा चांगला होता.

शिकवणारा अमेरिकेचा. त्यानं मला कधी पाहिलं नाही आणि भुसावळ कुठे आहे हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही.

वडील लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे आमचं लहानपण रेल्वे कॉलनीत गेलं. शनिवारी संध्याकाळी इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेच्या क्लबच्या, मैदानात पडदा लावून इंग्रजी सिनेमा दाखवायचे. काळा-पांढरा, दहा गावं फिरून आलेला, जागोजागी तुटलेला. इंग्रजी कुणाच्या बापाला येत होतं? हिरो कोण, हिरॉइन कोण, याच्याशी मला आणि माझ्या मोठ्या भावाला, म्हणजे नानाला, काही देणंघेणं नव्हतं. आम्ही एकाच माणसाची वाट बघायचो. टक्कल पडत आलेला, लांब नाकाचा, खांदे उतरलेला. कधी तो कोर्टातला कारकून असायचा, कधी लॉजचा मालक, कधी फौजदाराच्या हाताखालचा. काहीही असला तरी इंटरव्हलच्या आत मरायचा.

पण काय मरायचा! गोळी लागली की बाकीचे धाडकन पडायचे. हा आधी जवळची खुर्ची धरायचा. मारणाऱ्याकडे जरा ओशाळून बघायचा, ऐन जेवणाच्या वेळेला कुणाच्या घरी टपकल्यासारखा. मग सावकाश बसायचा, डोक्यावरची हॅट काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि मान टाकायचा. हॅट मात्र खाली पडायची नाही.

त्याचं नाव आम्हाला कळलं नाही. पडद्यावर नावं यायची ती भराभरा निघून जायची आणि त्याचं नाव बहुधा शेवटीच असणार. आम्ही त्याला ‘मरणारा’ म्हणायचो. दुसऱ्या दिवशी घरी नाना मरणारा व्हायचा आणि मी गोळी घालायचो. हॅटच्या जागी वडिलांची टोपी. आई चुलीपासून ओरडायची, “दिवाबत्तीना टाइम शे, आन हाई काय लायं रे!” ती धुळ्याकडची, घरात अहिराणीच बोलायची. नाना माझ्यापेक्षा सरस मरायचा, हे मान्य केलं पाहिजे.

पुढे हाच नाना धुळ्याला मुख्याध्यापक झाला. कडक इस्त्री, शुद्ध मराठी. आई गेल्यावर त्यानं अहिराणी तोंडातून काढूनच टाकली. माझे पिक्चर तो पाण्यात पाहायचा. तरीही सगळं ठीक चाललं होतं, त्याच्या मुलाच्या लग्नापर्यंत. मांडवात कॉलेजची पोरं माझ्याभोवती जमली. “आबा, एकदा मरीसन दाखाडा ना!” व्याही चाळीसगावचे व्यापारी, बडी असामी. ते बघत होते. त्यांनी नानाला विचारलं, “हे कोण?”

नाना म्हणाला, “लांबचे नातेवाईक आहेत.”

मी हातभर अंतरावर होतो. हातातलं ताट तिथंच टेबलावर ठेवलं, बायकोला खूण केली आणि स्टँड गाठला. त्यानं फोन केला नाही. मीही केला नाही. आमच्या घराण्यात अक्कल बेताची आणि ताठा भरपूर. वर्षं गेली. मला काही फरक पडत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. साफ खोटं. दिवाळीला फोन वाजला की आधी नंबर बघायचो.

मध्यंतरी एकदा फोन चाळता चाळता अचानक मरणारा समोर आला. कुण्या शौकिनानं त्याचे तुकडे जोडून ठेवले होते आणि खाली त्याची सगळी कुंडली दिली होती. पोरगा न्हाव्याचा. तरुणपणी रेल्वे स्टेशनावर तिकिटं विकायचा. वाचून मी खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसलो, अरे हा तर आपल्याच खात्यातला! नोकरी सोडून तंबू घेऊन फिरणाऱ्या नाटक कंपनीत गेला. सिनेमा बोलायला लागला तेव्हा हॉलिवूडला पोचला, पण तोवर केस गेले होते. हिरो व्हायचा प्रश्नच नव्हता. मग सकाळी एका सिनेमात कारकून, दुपारी शेजारच्या स्टुडिओत वाणी. पोस्टरवर कधी आला नाही, रिकामाही कधी बसला नाही. टीव्ही आला तर टीव्हीवर मरायला लागला. बायको एकच, लफडं नाही. म्हातारपणी अंगणात लिंबाची झाडं लावली. एका दुपारी घरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला आणि बायकोला बराच वेळ वाटत राहिलं की हा नेहमीसारखी गंमत करतोय. हे सगळं होऊन जमाना लोटला होता. मला मात्र घरातलं माणूस आज गेल्यासारखं झालं.

पहिलं काय केलं असेल, तर नानाचा नंबर काढला. बोट ठेवलं नाही. फोन पालथा घातला आणि नळाला पाणी आलं का बघायला गेलो.

त्यानंतर या हिवाळ्यात आमच्या पोरांनी वरणगावकडच्या एका गावात नवा पिक्चर धरला. त्यात मी पहिल्याच सीनला मेलेलो. चौकात लावायला फ्लेक्स केला. हार घातलेला माझा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, खाली गंधमुक्तीची वेळ. आमच्याकडे दहाव्याच्या विधीला गंधमुक्ती म्हणतात. नाव माझंच छापलं. का, तर “आबा, तेवढीच पब्लिसिटी!” शूटिंग संपलं, पोरं भजी खायला गेली आणि फ्लेक्स चौकात तसाच राहिला. कुणीतरी फोटो काढला. एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर असं करत दुसऱ्या दिवशी मी अख्ख्या जिल्ह्यात मेलो.

लोक दारावर यायला लागले. बायको फाटकात उभी राहून सांगायची, “अहो, आहेत, आहेत! आत बसा, चहा घ्या.” चहाचं पातेलं काही गॅसवरून उतरलं नाही. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होतो. दोघं-तिघं अगदीच वरवरचं रडले, मी लक्षात ठेवलंय.

“नानांना फोन करून सांगा तरी,” बायको म्हणाली.

“लांबच्या नातेवाइकाचं काय सुतक,” मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, तो येतो की नाही. मनातून घाबरलोही होतो. तो आला नसता तर मग पुढे सगळं संपलंच होतं.

दुपारी फाटकाशी रिक्षा थांबली. मी आत केळं सोलत होतो. बाहेरून आवाज आला, “मना भाऊ गया वं माय! मना धाकला गया!” आवाज ओळखू येईना. आईच्या माहेरची माणसं असं रडायची. केळं हातात धरूनच बाहेर आलो. नाना फाटकाचा गज धरून उभा होता, चष्मा नाकावर उतरलेला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

त्यानं मला पाहिलं. केळं पाहिलं. मग ताडताड आत आला आणि पाठीत असा धपाटा घातला की केळं अंगणात गेलं.

“जित्ता शे का रे तू, मेल्या!”

मला हसू आलं आणि त्याच्या आत रडूही आलं. नाना पायरीवर बसला. चष्मा पुसला, बटणं नीट लावली. मग मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हणाला, “पाणी मिळेल का जरा?”

बायकोनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. आत दुखवट्याचे कपडे होते, आमच्या मुलासाठी टॉवेल-टोपी आणि तिच्यासाठी फिकट साडी. “नाना, आणायचीच होती तर रंग तरी बरा बघायचा,” ती म्हणाली. तो बिचारा खाली बघायला लागला.

चहा झाला. लग्नाचा विषय दोघांनीही काढला नाही. बोलायला तर काहीतरी हवं, म्हणून मी मरणाऱ्याचं सांगितलं. तिकिटं विकायचा ते, लिंबाची झाडं, शेवटी खुर्चीत कसा गेला ते. नाना ऐकत राहिला. मग म्हणाला, “हे तुला कधी कळलं?”

“झालं वर्ष-दीड वर्ष.”

“मला सांगितलं नाहीस.”

मी कपबश्या गोळा करायला लागलो. त्यानं उत्तराची वाट बघितली नाही. “तुझं ते मरण दाखव बघू,” म्हणाला. मी फोनवर जुना पिक्चर लावून दिला. त्यानं चष्मा वर करून शेवटपर्यंत बघितला.

“चुकतोस. खुर्ची फार लवकर धरतोस. आधी त्याच्याकडे बघायचं, मग खुर्ची.”

आणि हा पंच्याहत्तरीचा माणूस उठला. पिशवीतली कोरी टोपी काढून डोक्यावर घातली. छातीवर हात नेला, माझ्याकडे ओशाळून बघितलं. मग खुर्ची धरली, सावकाश बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान टाकली. टोपी पडली नाही.

“वा, नाना!” मी म्हणालो.

तो हलला नाही. मी थांबलो. छाती हलतेय का बघितलं, शर्ट इतका कडक की काही कळेना. माझ्या डोक्यात मरणाऱ्याची ती बायको आली. “नाना,” मी म्हणालो. “नाना, पुरे आता.” काही नाही.

तेवढ्यात मागच्या गल्लीतली अक्का सांत्वनाला दारावर आली. मी उभा आणि खुर्चीत दुसरंच कुणीतरी मान टाकलेलं, हे बघून ती उंबऱ्यातच थबकली.

“अगं माय! आन हाऊ कोन शे?”

नानानं डोळे उघडले नाहीत. टोपीही हलू दिली नाही.

“मी त्याना भाऊ,” तो म्हणाला. “सख्खा.”