झिजलेली मास्टर रिंग

रेव्हरंड यशवंतराव भालेकर यांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथात विद्वान मंडळी लिहिणारच आहेत. मी दहावीही न झालेला माणूस. ड्रॉइंग वाचणे, माप घेणे, थोडेफार धर्मशास्त्र, जे येते ते स्वतःच्या हिमतीवर शिकलो. म्हणून मला पक्के ठाऊक आहे तेवढेच लिहितो.

आमची पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या मध्यावर झाली, आणि तीही वादाने. थोरल्या मुलीचा बाप्तिस्मा ठरवायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. मूळ पापाचा विषय निघाला आणि मी उसळलो. म्हणालो, "पाळकसाहेब, आठ महिन्यांची पोर आहे. तिने कोणाचे काय बिघडवले?"

"काहीच नाही," ते शांतपणे म्हणाले. "पण ज्या जगात आली ते बिघडलेले आहे, आणि ते बिघडणे आपल्या सगळ्यांच्या आत आहे. तिला शिक्षा झाली असे मी म्हणत नाही हो. तिला मदत लागेल, एवढेच म्हणतो."

मला ते पटले नाही. मग त्यांनी गुरुवारच्या शास्त्रवर्गाला बोलावले. "वाद घालायलाच या. इथे सगळे मान डोलावतात, मला कंटाळा येतो." मी गेलो, आणि पुढे बारा वर्षे जात राहिलो. साहेबांचा एक दोषही नोंदवतो, कारण त्यांनीच तशी अट घातली आहे: ते वीस मिनिटे बोलणार म्हणाले की एकेचाळीस मिनिटे बोलतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

आता मुख्य गोष्ट. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागाचा प्रमुख होतो. बुश म्हणजे धातूची पोकळ नळी; तिच्या आतल्या छिद्राचे माप आम्ही बोअर गेजने घेत असू, आणि तो गेज रोज सकाळी एका मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी कड्यावर, लावून घ्यावा लागे. ती रिंग माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. सटाण्याकडचे दत्तू गांगुर्डे नावाचे जुने ऑपरेटर होते. त्यांच्या मशीनवरचे दोनशे बुश मी छिद्र लहान म्हणून नापास केले. त्यांच्याकडे मशीनजवळ नवी आलेली वेगळी रिंग होती, तिच्यावरून ते माप लावत.

ते म्हणाले, "साहेब, मन्हं काम बराबर शे. तुम्हनं माप देखा एकदाव."

माझे माप? मी दुसऱ्या गेजनेही तपासले. तेच आले. येणारच, दोन्ही गेज एकाच रिंगवर लावलेले होते. मी 'हलगर्जीपणा' असा शेरा मारला आणि मालकांनी दत्तूंना घरी बसवले.

तीन आठवड्यांनी ती रिंग नेहमीप्रमाणे बाहेरच्या प्रयोगशाळेत जाऊन आली. दाखल्यावर लिहिले होते: आठ मायक्रॉन झिजलेली. केसाच्या जाडीचा साधारण नववा भाग. झिजून रिंगचे छिद्र मोठे झाले होते, त्यामुळे बरोबर छिद्रही माझ्या गेजला लहान दिसे; म्हणजे दत्तूंचे दोनशेही बुश बरोबर होते. मग चौकशी केली तेव्हा कळले, बाकीचे ऑपरेटर माझ्या गेजला खूश करायला जरा जास्तच कापत होते. दत्तूंनी तेवढे केले नव्हते.

नवी रिंग मागवली आणि तो दाखला मी ड्रॉवरमध्ये ठेवला. कोणाला काही बोललो नाही. नाही म्हणायला, त्याच गुरुवारी वर्गात बोललो. मूळ पापाचे उदाहरण म्हणून! मुख्य मापच झिजलेले असेल तर त्यावर लावलेला प्रत्येक गेज चुकतो, सगळे एकमेकांशी जुळतात, म्हणून चूक कोणालाच दिसत नाही. ती बाहेरूनच दुरुस्त व्हावी लागते, तीच कृपा. सगळे "वा, वा" म्हणाले. मीही खुशीत होतो.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "उदाहरण उत्तम. पण ते नापास तुकडे कोणाच्या नावावर लागले?"

वर्ग संपल्यावर त्यांना दाराशी गाठले आणि सगळे सांगितले. मी म्हणालो, "रिंग झिजली होती, साहेब. मला काय कल्पना?"

"झिजली ती रिंग. दाखला ड्रॉवरमध्ये कोणी ठेवला? गेजला पश्चात्ताप करावा लागत नाही. तुम्हाला लागेल."

दुसऱ्या दिवशी मी मालकांना लेखी कळवले. माझी एक वेतनवाढ गेली, दत्तूंना परत बोलवायचे ठरले. मला हायसे वाटले. म्हटले, आता कामावर घेतल्याचे पत्र घेऊन सटाण्याला जातो. पाळकसाहेब म्हणाले, "पत्र टपालाने जाऊ द्या. तो त्यांचा हक्क आहे, तुमची भेटवस्तू नव्हे. तुम्ही रिकाम्या हाताने चला. रिकाम्या हाताने माफी मागणे तुम्हाला येत नाही."

सत्तरीच्या उंबरठ्यावरचे ते गृहस्थ एसटीच्या मागच्या बाकावर माझ्यासोबत आले. दत्तू कांद्याच्या चाळीत कांदे निवडत होते. वाटेत जुळवलेली वाक्ये मी विसरलो. "दत्तूभाऊ, चूक माझी होती. कळल्यावरही मी लपवली," एवढेच बोललो.

हातातला कांदा त्यांनी खाली ठेवला. "माले माहीत व्हतं, साहेब. मी कवयच सोडी दिधं ते."

केव्हाच सोडून दिले होते. मी मागण्याआधी, मला पुरते कळण्याआधी. तेवढ्यात चहा आला. दत्तू हसून म्हणाले, "पिवा आते. साखर मापीसन टाकेल नही शे."

सर्वांत मोठ्याने पाळकसाहेब हसले. परतीच्या वाटेवर त्यांनी अवाक्षर काढले नाही. एकेचाळीस मिनिटे बोलणारा माणूस नाशिकपर्यंत गप्प बसला. त्यांच्या साऱ्या उपदेशांत मला तो सर्वांत मोठा वाटतो.

कांदे विकून झाल्यावर दत्तूभाऊ कामावर परतले आणि निवृत्तीपर्यंत माझ्याशेजारी बसून डबा खात राहिले. ती बाद झालेली रिंग माझ्या टेबलावर असते. मूळ पापावर माझे अजून दोन-तीन आक्षेप शिल्लक आहेत, आणि ते ऐकायला साहेब हवेत. देवाने त्यांना निरोगी ठेवावे, आवाज खणखणीत ठेवावा आणि पुष्कळ वर्षे द्यावीत. किती, ते मी मोजून मागत नाही.